अंगण कुणाचे?

माझ्या थोरल्या बहिणीची एक वही मी जपून ठेवली आहे. २००५ साली तिने जिल्ह्याच्या गावी बालवाडी शिक्षिकेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, त्या वेळची ही टाचणवही. शहरातल्या एका नावाजलेल्या बालक मंदिरात तिला महिनाभर सराव पाठांसाठी पाठवले होते. वहीच्या डाव्या बाजूला तिने काढलेली टाचणे आहेत – गोष्ट, बडबडगीत, रंगांची ओळख, मातीकाम. उजव्या बाजूला निरीक्षक बाईंचे तांबड्या शाईतले शेरे. एक शेरा जवळजवळ प्रत्येक पानावर येतो : ‘उच्चार शुद्ध नाहीत. बालकांसमोर बोलीभाषा टाळावी.’ दहाव्या दिवसानंतर टाचणे संपतात. पुढची पाने कोरी आहेत. उरलेले वीस दिवस ताई काय करीत होती ते वहीत नाही, ते तिने मला सांगितले आहे. बरोबरीच्या मुली वर्गात गोष्टी सांगत होत्या आणि ताई मुलांना बाथरूमला नेत होती, नाके पुसत होती, सांडलेले डबे गोळा करीत होती. ‘हे तुला चांगलं जमतं,’ असे तिला सांगण्यात आले होते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. एका बाईचा स्वभावदोष म्हणून हे प्रकरण मला सोडून देता आले असते. पण ज्या नियमाने त्या बालक मंदिरात कामाची वाटणी झाली, तो नियम आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचा आहे. म्हणून मला काही प्रश्न विचारावेसे वाटतात. लहान मुलांना शिकवायला शिकणारी विद्यार्थिनी नेमकी शिकते कुठे? कुणाच्या मुलांवर तिचा हात बसतो? आणि तिला शिकवता येते की नाही, हे ठरवतो कोण?

बालशिक्षणाचा इतिहास सांगताना थोरामोठ्यांची नावे सांगितली जातात, जागांची नावे सांगितली जात नाहीत. जागा पाहिल्या की वेगळीच गोष्ट दिसू लागते. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले ते रोममधल्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करतात, म्हणून तिथल्या चाळींच्या मालक मंडळींना त्यांना सांभाळणारे कुणीतरी हवे होते. त्या मुलांजवळ दिवसभर असणारी पहिली बाई कुणी मोठी शिक्षणतज्ज्ञ नव्हती. ती त्याच इमारतीच्या रखवालदाराची मुलगी होती. आज ज्या पद्धतीची पाटी लावून शहराशहरांत भरमसाट फी घेतली जाते, ती पद्धत मजुरांची पोरे आणि रखवालदाराची लेक यांच्या सहवासात आकाराला आली.

लंडनचे उदाहरणही असेच आहे. मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ साली डेप्टफर्ड या गरीब वस्तीत उघड्या हवेतली शिशुशाळा काढली. रेचल १९१७ साली वारली. लहान मुलांच्या शिक्षिकेला थोडे शिक्षण पुरते, ही समजूत मार्गारेटने कधी मान्य केली नाही. तिचे म्हणणे असे की या शिक्षिकेला तीन वर्षांचे शिक्षण हवे, आणि तेही त्या मुलांमध्ये राहून मिळालेले. १९३० साली त्याच वस्तीत बहिणीच्या नावाने अध्यापिका महाविद्यालय उभे राहिले. विद्यार्थिनी शिकायला येत त्या झोपडपट्टीतल्या मुलांजवळ. म्हणजे रोम असो वा लंडन, बालशिक्षणाचे शास्त्र कष्टकऱ्यांच्या दारात जन्माला आले. पुढे ते वर चढले आणि ज्यांच्या दारात जन्मले त्यांनाच महाग झाले.

आपल्याकडे या प्रश्नाचे मूळ त्याहून जुने आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक कसा असावा याची स्पष्ट मांडणी केली. तो प्रशिक्षित असावा, आणि शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातून आलेला असावा. कारण असाच शिक्षक त्या मुलांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल, वेळप्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाही. ताईच्या वहीतल्या तांबड्या शेऱ्याला जोतीरावांनी सव्वाशे वर्षे आधीच उत्तर देऊन ठेवले होते. मुलांत मिसळणे आणि त्यांना जाणणे ही शिक्षकाची पात्रता, असे त्यांचे म्हणणे. आपल्या अध्यापन संस्थांनी तीच गोष्ट दोष म्हणून नोंदवली.

आता महाराष्ट्रातल्या बालशिक्षणाकडे येऊ. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तिथे काम करताना ताराबाई मोडक यांची बालशिक्षणातली घडण झाली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ही बालमंदिरे शहरातल्या पांढरपेशा घरांपुरतीच राहतात, हे ताराबाईंच्या लवकरच लक्षात आले. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. गावात मध्यवर्ती बालवाडी सुरू झाली. पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांतली पुष्कळ मुले तिथवर पोहोचेनात. हरिजनवाड्यातली – हा शब्द तेव्हाचा, आपला नव्हे – आणि मजुरांच्या आळ्यांतली पोरे घरीच राहात. तेव्हा ताराबाईंनी निर्णय घेतला : मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे आणि माती आली. मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, गाणी, गोष्टी हे सारे अंगणातच होऊ लागले. हीच अंगणवाडी. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली पाड्यांमध्ये पसरले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग तिथले. बालसेविकांचे प्रशिक्षणही या कामाचाच भाग होते.

ताराबाई आणि अनुताई यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो मी हातचे राखून सांगत नाही. ज्या काळी सुशिक्षित बाया वस्तीच्या वाटेला फिरकत नव्हत्या त्या काळी या दोघी तिथे सतरंजी टाकून बसल्या. ताराबाई १९७३ साली वारल्या, अनुताई १९९२ साली. त्यांच्या कामाला पद्मभूषण आणि पद्मश्री असे सन्मान मिळाले, ते योग्यच झाले. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. अंगणवाडी या शब्दात अंगण आहे. हे अंगण कुणाचे होते? सारवून कुणी दिले? पोरे गोळा करून कुणी आणली? त्या बाईचे नाव कुठे आहे?

आणखी एक गोष्ट. बालवाडीच्या वाङ्मयात वस्तीतल्या मुलांच्या अस्वच्छतेचे वर्णन वारंवार येते आणि त्यांना आंघोळ घालणाऱ्या सेविकेचे कौतुकही येते. कौतुक जरूर व्हावे. पण ज्या समाजाला तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या पोराच्या अंगावरचा मळ ही काय केवळ सवय होती? तो पाणवठ्यावरच्या बंदीचा हिशेब होता. छात्रशिक्षिकेला साबण कसा लावावा हे शिकवले गेले, पाणी का नाही हे शिकवले गेले नाही. तिचा सराव पाठ तिथेच अपुरा राहिला.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. बोर्डीचे काम सुरू झाले त्याच १९४५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले. ते उघडले नसते तर माझ्यासारखी मुलगी आज हा लेख लिहायला उभी नसती. बाबासाहेबांनी उच्च शिक्षणाला अग्रक्रम दिला त्यामागे खोल विचार होता : सत्तेच्या आणि निर्णयाच्या जागी आपली माणसे बसली पाहिजेत. पण त्यांच्या मागून आलेल्या आपण सर्वांनी काय केले? महाविद्यालये, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांसाठी आपण मोर्चे काढले आणि काढलेच पाहिजेत. तीन वर्षांचे मूल मात्र आपल्या मागण्यांच्या यादीत क्वचितच आले. ते बायकांचे काम, आईचे काम, फार तर सरकारी खिचडीचे काम असे आपण समजत राहिलो. निर्णयाच्या जागेपर्यंत जायचा रस्ता त्याच सतरंजीवरून सुरू होतो, हे आपल्या ध्यानात आले नाही.

आपण लक्ष दिले नाही, तेव्हा निर्णय इतरांनी घेतले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी हे नाव बोर्डीहून देशभर गेले. पण या अंगणवाडीत काम करणारी बाई शिक्षिका ठरली नाही. ती ‘मानसेवी’ ठरली. तिला वेतन नाही, मानधन. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा उल्लेख होता, त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतले मूल मार्गदर्शक तत्त्वातच ठेवले. याचा अर्थ सरळ आहे. ज्याला पैसा आहे तो आपल्या मुलासाठी नर्सरी विकत घेतो, ज्याला नाही त्याला हक्क म्हणून मागताही येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वयाचे महत्त्व मान्य केले, हे चांगले झाले. पण बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका, आणि तीही मुख्यतः मोबाईल-दूरचित्रवाणीवरून, अशी सोय सांगितली. मार्गारेट मॅकमिलनची तीन वर्षे कुठे आणि ही सोय कुठे!

माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरे घरोघरून आणायची, पाणी भरायचे, झाडलोट करायची, खिचडी शिजवायची. गावातली काही घरे पोराला तिच्या हातचे खाऊ देत नसत, घरून डबा पाठवीत. त्या डब्यातले सांडले तर पुसायचे मात्र तिनेच. माझ्या पदवीच्या फीमध्ये तिच्या मानधनाचा वाटा आहे. ताई २००८ साली त्याच अंगणवाडीत सेविका झाली. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनिसांचा जो संप झाला आणि पन्नासहून अधिक दिवस चालला, त्यात ती होती. त्याआधी, २५ एप्रिल २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या बायांना उपदान मिळण्याचा अधिकार आहे, असा निकाल दिला होता. मानसेवी म्हणून ज्यांची बोळवण केली त्या कामकरी आहेत, एवढे मान्य व्हायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

गेल्या वर्षी एक गोष्ट घडली, तिच्यामुळेच हा लेख लिहायला बसले. तालुक्याच्या एका अभ्यासक्रमाच्या चार मुली सराव पाठांसाठी ताईच्या अंगणवाडीत पंधरा दिवस आल्या. छापील टाचणे घेऊन आल्या होत्या. पहिल्या दिवशी एक पोर मोठ्याने रडू लागले, कुणाला कळेना. ताईने त्याला आमच्या बोलीत दोन शब्द विचारले. त्याची आई ऊसतोडीला गेली होती आणि आदल्या रात्रीपासून ते आजीजवळ होते. ताईने त्याला मांडीवर घेतले आणि त्या मुलींना म्हणाली, ‘आधी कुणाची आई कुठं हाय ते इचारा, मग रंग शिकवा.’ चौघींनी ते वहीत लिहून घेतले. पंधरा दिवसांनी निरीक्षक आले, अर्धा तास थांबले, शेरे लिहून गेले. वहीत निरीक्षकांच्या सहीचा रकाना आहे, प्राचार्यांच्या सहीचा आहे. ताईच्या सहीचा नाही.

माझी मागणी या रकान्यापासून सुरू होते. ज्या अंगणात विद्यार्थिनी शिकतात तिथल्या सेविकेला त्यांच्या मूल्यमापनात हक्काची जागा आणि त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. वस्तीतल्या मुलींना या अभ्यासक्रमांत प्रवेश, विद्यावेतन आणि वर्गात शिकवण्याचा पूर्ण सराव मिळाला पाहिजे. मोरीपाशी उभे करणे हा सराव नव्हे. सरावासाठी गावातली आणि वस्तीतली, दोन्ही ठिकाणे प्रत्येकीला सक्तीची असली पाहिजेत. सेविकेला शिक्षिकेचा दर्जा आणि वेतन हवे, मदतनिसालाही वेतन हवे आणि शिकून पुढे जाण्याची वाट हवी. सहा वर्षांखालच्या मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क व्हावा, ही मागणी चळवळीच्या जाहीरनाम्यात आली पाहिजे.

हे वाचणाऱ्यांत जे अध्यापन संस्थांत शिकवतात, त्यांना पुढच्या वर्षीच्या टाचणवहीत एक रकाना छापून घेणे अवघड नाही. जे कार्यकर्ते आहेत त्यांनी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत एक दिवस जाऊन बसावे. आणि जे विद्यार्थी आहेत त्यांनी आपल्याला पहिले गाणे कुणी शिकवले, त्या बाईचे नाव विचारून लिहून ठेवावे. आपला इतिहास लिहायला घेतला की ती नावे लागणार आहेत.