सात पावलं आणि वळण

मे १९५६. तुमचं वय आठ. टिळक रस्त्याचं डांबर संध्याकाळ झाली तरी गरमच आहे आणि आजोबांचं बोट धरून तुम्ही हिराबागेवरून पुढे जवळजवळ पळताय. "हळू! वाघ काही पळून जात नाही," आजोबा म्हणतात. मुठीत घामेजलेला एक आणा आहे. नवे पैसे यायला अजून वर्ष आहे.

पेशवे पार्कच्या दाराशी कैरीच्या फोडी मिळतात, तिखटमीठ लावलेल्या. पुडी हातात येते आणि त्याच क्षणी आतून शिट्टी ऐकू येते. फुलराणी! गेल्याच महिन्यात, ८ एप्रिलला सुरू झालेली गाडी. बालकवींच्या कवितेचं नाव मिरवणारी, मुलांच्या मापाची. डब्यात आजोबांचे गुडघे हनुवटीला लागतात. गाडी वळण घेते, झाडं जवळून सरकतात आणि जिन्यांच्या, बोळांच्या पेठांत वाढलेल्या तुम्हाला वाटतं, आपण फार लांब, कुठल्या तरी अरण्यात निघालो आहोत. तो आनंद खरा आहे. पुण्यातल्या कितीतरी मुलांना जंगल पहिल्यांदा भेटलं ते इथेच.

उतरल्यावर आजोबा पर्वतीकडे बोट दाखवतात. तिथे पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. सिंह होता, गेंडा होता. पाळलेली काळवीटं वाद्यं वाजली की माणसांत येऊन उभी राहायची. "पेशवा तेव्हा तुझ्याहून थोडाच मोठा," ते सांगतात. पार्क १९५३ चं, पण प्राणी बघायची इथली हौस दीड-पावणेदोनशे वर्षांची. लहानपणीच गादीवर बसवलेल्या त्या पोरक्या मुलाला प्राण्यांचा एवढा लळा का असावा, हे मला नेहमी समजल्यासारखं वाटतं.

आता वाघ.

आधी वास येतो: फिनेल, ओली फरशी, शिळं मांस. मग गर्दीतल्या दोन धोतरांच्या मधून गज दिसतात आणि गजांमागे तो. चित्रातल्यापेक्षा मोठा. खांद्याचं हाड कातडीखाली वरखाली होतंय. तो तुमच्याकडे बघत नाही, कोणाकडेच बघत नाही. भिंतीपर्यंत जातो, वळतो, परत येतो. तुम्ही मोजता. सात पावलं. वळण. पुन्हा सात. वळण दर वेळी त्याच जागी, आणि तिथे कोब्याचा रंगही वेगळा झालाय, घासून घासून गुळगुळीत. मागून कोणीतरी गजांवर काठी आपटतं, पोरं हसतात. तुमच्या तोंडातली कैरी एकदम जास्त आंबट लागते.

"आजोबा, तो कुठे जातोय?"

आजोबा काही बोलत नाहीत. तुमच्या खांद्यावर हात ठेवतात आणि पुढे चालवतात. मोर, हरणं, माकडं सगळं बघून होतं, पण तुम्ही मागे वळून बघत राहता.

१९९९ मध्ये कात्रजला १३० एकरांवर प्राणिसंग्रहालय उभं राहील. पुढे इथले प्राणीही तिकडे जातील, पिंजरे रिकामे होतील आणि वाघाला माती, झाडं आणि पाणी मिळेल. फुलराणी मात्र इथेच राहील. प्राण्यांचं हे जाणं व्हायला पाहिजेच होतं, फार आधी व्हायला पाहिजे होतं. पण आज तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही.

रात्री गच्चीवर गाद्या पडतात. पेठेतले आवाज एकेक करून थांबतात. मग दक्षिणेकडून, पर्वतीच्या अंगाने, एक डरकाळी येते, खोल, लांबलेली. आई झोपेतच कूस बदलते. तुम्ही उठता आणि अनवाणी, आवाज न करता, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत जाता.

एकोणीस पावलं.