डोंगरावरची डिश, खांबावरची काच

मे २०१२. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका डोंगरावर, लोखंडी टॉवरला कमरेचा पट्टा अडकवून तुम्ही उभे आहात. एका हातात पाना आहे, दुसऱ्या हाताने डिश केसभर डावीकडे सरकवताय. खाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला पोरगा ओरडतो, "दादा, उणे अडुसष्ट! चौसष्ट! थांबा, थांबा… गेला परत!" पुन्हा केसभर उजवीकडे. आकडा उणे साठवर टेकला की नट आवळायचा, आणि आवळताना डिश हलू द्यायची नाही. घामाने पाना निसटतोय. समोर म्हसळ्याच्या दिशेने डोंगरांच्या रांगा आहेत आणि त्यांतल्या एका माथ्यावर, तुम्हाला दिसतही नाही एवढी लहान, दुसरी डिश तुमच्याकडे तोंड करून आहे.

धंदा तुमचा केबलचा. मुंबईत या वर्षी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा होतोय. ती लाट तालुक्यापर्यंत यायला अवकाश आहे, पण नुसत्या चॅनेलांवर घर चालायचं नाही हे तुम्ही ओळखलंय. इंटरनेट पुरवठ्याच्या परवान्याचे तीन वर्ग आहेत: 'अ' देशभरासाठी, 'ब' राज्याएवढ्या मंडळासाठी, 'क' साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. तुम्ही एका 'क' वर्गवाल्याची फ्रँचायझी घेतली आहे. माणगावात फायबर आहे, कारण तिथून कोकण रेल्वे जाते, महामार्ग जातो. माणगाव ते समुद्र मात्र मधे घाट आहे, जंगल आहे, आणि खोदाईला लागणारा पैसा तुमच्याकडे नाही. म्हणून डिश. दोन डोंगर जोडले की गाव जोडलं. आठवड्याभरात पहिलं बिल फाडता येतं. लहान माणसाला वायरलेसने धंद्याचं दार उघडून दिलं ते असं, आणि हे उपकार विसरता येत नाहीत.

पण हवा फुकट असली तरी ऐसपैस नाही. या वर्षी ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात उघड्यावर विनापरवाना वापरता येतात ते ५.८२५ ते ५.८७५, म्हणजे अवघे ५० मेगाहर्ट्झ. वीस-वीसच्या दोन वाहिन्या बसवल्या की जागा संपली. आणि दोन डिश एकमेकींना दिसल्या म्हणजे भागलं, असंही नाही. आठ किलोमीटरच्या दुव्यात लहरींना मध्यावर सरळ रेषेभोवती दहा मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. त्यातला निम्म्याहून अधिक भाग तरी स्वच्छ हवाच. ओली पानं या लहरीला पार करता येत नाहीत. मे महिन्यात लावलेला दुवा जुलैत पडतो, कारण मधल्या आंब्याला पालवी फुटून वर पाऊस पडलेला असतो. मग कोयता घेऊन झाडाच्या मालकाच्या ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, आणि एक फांदी मागायची.

रात्री नऊला फोन सुरू होतात. नेट चालत नाही. टॉवर ठणठणीत, सिग्नल ठणठणीत, तरी चालत नाही. हे का होतं ते समजून घ्यायला एक उडी मारा: जून १९७१, होनोलुलू. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी बेटाबेटांवरच्या टर्मिनलांना रेडिओने एका संगणकाशी जोडतायत. मधे समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग आणि खराब, म्हणून रेडिओ. त्यांचा नियम साधा: बोलावंसं वाटलं की बोला, दुसऱ्याशी टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. तुम्ही त्यांच्या फळ्यासमोर उभे राहता आणि गणिताची शेवटची ओळ वाचता. सगळे असे मनाला येईल तेव्हा बोलू लागले तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. बाकीचा टकरींत आणि रिकामा जातो.

तुमच्या टॉवरवरची यंत्रं हवाईच्या त्या 'अलोहा' नावाच्या जाळ्याची वंशज आहेत. ती आधी ऐकतात, मग बोलतात, म्हणून बरीच पुढे गेलीत. पण टेकडीच्या या अंगाचा गिऱ्हाईक आणि त्या अंगाचा गिऱ्हाईक एकमेकांना ऐकूच येत नाहीत. टॉवरला दोघेही ऐकू येतात. दोघांनाही वाटतं हवा मोकळी आहे, दोघेही एकदम बोलतात, टॉवरला काहीच कळत नाही. दुपारी हे खपून जातं. रात्री नऊला सगळं गाव बोलायला बसतं. पाळीपाळीने बोलायला लावणारी यंत्रं घेतलीत तरी एका वाहिनीत जेवढं मावतं तेवढंच मावणार.

तरीही एक दुवा असा आहे की तिथे डिशला तोड नाही. दिघीहून राजपुरी खाडीपलीकडे आगरदांडा समोर दिसतो. लाँचने थोडा वेळ, रस्त्याने भला मोठा वळसा. तिथे फायबरची काच टाकायची तर सगळा वळसा खणायचा. डिशला पाण्यावरून सरळ जाता येतं. मात्र सिग्नलची नोंद पाहा: रोज दोन वेळा तो खचतो, आणि ती वेळ दिवसागणिक पाऊण-एक तासाने पुढे सरकते. यंत्रात दोष सापडत नाही. दोष समुद्राचाही नाही. पाण्यावरून परावर्तित होऊन येणारी लहर थेट येणाऱ्या लहरीत मिसळते, आणि भरतीने पाणी चढलं की दोघींचा मेळ बिघडतो. तुम्ही डिशांची उंची बदलता आणि भिंतीवर नाखव्याकडे असतो तसा भरती-ओहोटीचा तक्ता लावता.

५ सप्टेंबर २०१६. जिओ सुरू. डिसेंबरअखेर फुकट, मग मुदत वाढून मार्च २०१७ पर्यंत फुकट. तरुण गिऱ्हाइकं एका महिन्यात जातात. जी राहतात ती मोबाईलला रेंज न मिळणाऱ्या घरांतली. आणि जी परत येतात ती वेगळी होऊन येतात: फुकटच्या महिन्यांनी त्यांना व्हिडिओची सवय लावली आहे. २०१३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएस केली होती, आणि तुम्ही त्यावर गाव चालवलं होतं. आता एका घरात तीन मोबाईल, तिन्हींवर सिनेमा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे करतं. ५० चे ६०५. तुम्हाला हे सहा वर्षं आधी हवं होतं. वायरलेसवर जगणाऱ्या लहान पुरवठादारांना त्या चिंचोळ्या पट्टीत इतकी वर्षं अडकवून ठेवायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तुम्ही काचेकडे वळला आहात.

जानेवारी २०१९. बोर्ली पंचतनच्या नाक्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर स्प्लायसिंग मशीन मांडलंय. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा: कोरच्या रंगांचा हा क्रम आता तुम्हाला झोपेतही येतो. आवरण सोला, स्पिरिटने पुसा, क्लीव्हरने नव्वद अंशात कापा. दोन टोकं पडद्यावर समोरासमोर येतात, एक ठिणगी पडते, आणि दोन काचांची एक काच होते. मशीन सांगतं, नुकसान ०.०२ डेसिबल. कापलेला काचेचा तुकडा चिकटपट्टीवर उचलून ठेवायचा. पायात गेला तर दिसतही नाही.

आता हिशोब करा, कारण फायबरचं सगळं सौंदर्य या हिशोबात आहे. ओएलटीतून, म्हणजे तुमच्या खोलीतल्या मुख्य यंत्रातून, प्रकाश निघतो अधिक ३ डीबीएम. एकाला आठ, त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा आठ, अशा कपलरांच्या दोन पायऱ्यांत २१ जातात आणि ६४ घरं होतात. पाच किलोमीटर काचेत पावणेदोन. जोड आणि कनेक्टर मिळून दीड. घरातल्या डबीवर उणे २१ च्या आसपास पोचतो आणि डबी उणे २७ पर्यंत वाचू शकते. म्हणजे सहा डेसिबल हाताशी उरले. या ६४ घरांना मिळून अडीच गिगाबिट येतात, आणि ओएलटीच्या खोलीपासून घरापर्यंत मधे कुठेही वीज लागत नाही. ना बॅटरी, ना सोलर, ना डोंगरावरची फेरी. मे महिन्यात आणि दसऱ्याच्या सुमारास वीज कडाडली की डिशपासून घरात येणारी तांब्याची केबल कित्येकांचे राउटर जाळायची. काचेतून वीज येत नाही.

ही काच इतकी स्वच्छ कशी, त्यासाठी दुसरी उडी छोटीच: १९६६, इंग्लंडातलं हार्लो. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांचा निबंध छापून आलाय. त्या वेळच्या काचेत एका किलोमीटरला हजार डेसिबल प्रकाश मरतो. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, वीसच्या खाली आणलं की संदेश जाईल, हे त्यांचं म्हणणं. तुमच्या हातातल्या काचेत किलोमीटरला अर्धा डेसिबलही जात नाही.

खर्च मात्र काचेचा नसतोच. खर्च वाटेचा. खांब कुणाचा, कुंपण कुणाचं, ग्रामपंचायतीचा दाखला, रस्त्याकडेच्या खोदाईची परवानगी. २०१६ पासून वाटेच्या हक्काचे नियम आहेत, पण ते परवानाधारकासाठी. गावात शिडी घेऊन फिरणारा फ्रँचायझीवाला प्रत्येक खांबाखाली पाहुणाच. मोठ्या कंपनीचा अर्ज मंत्रालयात मंजूर होतो, तुमचा प्रत्येक ओट्यावर. हे बदललं पाहिजे.

३ जून २०२०. लॉकडाऊनमुळे पोरं मुंबई-पुण्याहून घरी आलीत आणि माजघरातून नोकरी करतायत. दुपारी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर चढतं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वारा, तासन्तास. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागाच्या बागा झोपतात. सुपारीचं खोड उंच आणि बारीक. पडताना तारेवर पडतं, तार खांब ओढते, खांब पुढच्या खांबाला. संध्याकाळी तुम्ही बाहेर पडता तेव्हा रस्ताच दिसत नाही. तुमची काच कुठे आहे हे विचारण्यात अर्थ नाही. ती सगळीकडे आहे.

ओटीडीआर लावता. ते पहिला तुटवा दाखवतं: एवढ्या मीटरवर. झाडं तोडत तिथे जाता, ताडपत्रीखाली जोड मारता, पुन्हा लावता. तेवीस मीटर पुढे दुसरा. त्याच्यापुढे तिसरा. ते एका वेळी एकच सांगतं. मशीनची बॅटरी जीपच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून भरता. पण खरी अडचण वेगळी आहे: काच जोडाल, ती टांगाल कशावर? विजेचे खांबच उरले नाहीत, आणि ते उभे राहायला कित्येक आठवडे जाणार.

चौथ्या दिवशी तुम्ही अडगळीतल्या जुन्या डिश काढता. जनरेटर, दोन बॅटऱ्या, सरपटत डोंगर. टॉवर वाकलाय, उभा आहे. संध्याकाळपर्यंत एका गच्चीवर सिग्नल येतो, खाली वाय-फाय सोडता. मोबाईलचे टॉवरही पडलेत. लोक रांगेत उभे राहतात. एक आजी तुमच्या हातात फोन देतात, "माझ्या झिलाला सांग, घर गेलं पण आम्ही सगळी धड आहोत." तुम्ही व्हॉट्सॲपवर तो निरोप बोलून पाठवता आणि दोन बरोबरच्या खुणा उमटेपर्यंत फोन त्यांना परत देत नाही.

म्हणून २०२१ मध्ये नव्याने जाळं बांधताना तुम्ही मुख्य वाट जमिनीखालून नेता, पैसे पुरतील तेवढी. वाडीतल्या फांद्या खांबावरूनच. माणगावहून येणारी काच तुटली की राउटर आपोआप डोंगरावरच्या दुव्यावर जातो. वेग दहावा हिस्सा होतो, पण तेवढ्यावर निरोप जातात, पैसे जातात, बँकेची खिडकी चालते.

१९ सप्टेंबर २०२३, गणेश चतुर्थी. आज जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर सुरू केलं: घरापर्यंतचा शेवटचा टप्पा पुन्हा हवेतून. देशभर काच अंथरलेल्या कंपनीलाही शेवटच्या टप्प्याला तुमच्याच वाटेने यावं लागलं. तुम्हाला आज वाचायला वेळ नाही. चाकरमानी आलेत, प्रत्येक घरात दुप्पट माणसं, आणि वरच्या वाडीतले एक काका आरतीला थांबवून विचारतात, "आम्हाला काच कधी?"

वाडीत अकरा घरं, त्यातली सात वर्षभर बंद. शेवटच्या खांबापासून दोन किलोमीटर, मधे ओढा. "काका, चार घरांना परवाच डिश लावतो. पावसात कधी अडेल, ते आत्ताच सांगून ठेवतो. पाऊस गेला की खांबांचा अर्ज टाकतो. मधल्या बागांचे मालक गणपतीला आलेत, तेवढ्या सह्या तुम्ही घ्या."

काका कागद मागतात. तुम्ही बिलबुकातलं एक पान फाडून त्यावर बागांची नावं लिहू लागता.