तलवार, पेटी आणि खंडेनवमी

पुण्यात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची घरं पुष्कळ. काहींच्या दिवाणखान्यात गणवेशाची मानाची तलवार काच लावलेल्या लाकडी पेटीत दिसते. पेटी केली, की तलवार जपली गेली, असं आपण धरून चालतो. गफलत इथेच होते. लाकडातून, विशेषतः ओक आणि नव्या प्लायवूडमधून, आम्लाची वाफ निघते. बंद पेटीत ती साठते आणि पोलाद गंजतं. चामड्याच्या म्यानात पातं वर्षानुवर्षं राहिलं तरी तेच.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं बाहेर काढत, पुसत, तेल लावत, मग पूजा. श्रद्धा तर होतीच. पण त्यानिमित्तानं वर्षातून एकदा पात्यावरून हात फिरे, गंज वेळेत दिसे.

बाजीराव रस्त्यावर दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभारलं; १९७५ मध्ये संग्रह राज्य सरकारला दिला. तिथल्या शस्त्रांची निगा ठेवायला माणसं आहेत. घरच्या तलवारीला कोण?

म्हणून सुताराला दोनच गोष्टी सांगा: पातं आणि म्यान वेगळं ठेवायला आधार करा, आणि झाकण सहज उघडेल असं करा. वडिलांची तलवार नातवानं दसऱ्याच्या आदल्या दिवशी हातात घेऊन पुसली पाहिजे. तेव्हाच तो विचारेल, आजोबा कुठं लढले होते?