वाडा एक, चुली अनेक : कुटुंबाचा बदलता आकार

वाराणसीतील दूधविनायक, ब्रह्माघाट व दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. शास्त्राध्ययन, पौरोहित्य आणि पेशवेकालीन दानधर्म यांच्या आधाराने ही कुटुंबे गंगाकाठी स्थिरावली. तेथील वाड्यांतही आता संयुक्त कुटुंबाचे स्वरूप पालटले आहे.

जनगणनेत कुटुंब छपरावरून किंवा नात्यावरून ठरत नाही. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्ती मिळून एक कुटुंब मानले जाते. त्यामुळे एकाच वाड्यात भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, तर कोणीही घर न सोडता कुटुंबांची संख्या वाढते आणि त्यांचा सरासरी आकार घटतो.

देशात २००१ च्या जनगणनेनुसार एका कुटुंबात सरासरी ५.३ व्यक्ती होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ४.९ झाले. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते ४.४ इतके आढळले. त्या वेळी एकूण प्रजनन दर देशात २.०, तर उत्तर प्रदेशात २.४ होता.

कमी अपत्ये, नोकरीसाठी स्थलांतर आणि विभक्त चूल ही या घटीची प्रमुख कारणे आहेत. सरासरीच्या आकड्यात ती वेगवेगळी दिसत नाहीत. वृद्धांसाठी मात्र हा भेद महत्त्वाचा ठरतो. वेगळी चूल मांडलेला मुलगा हाकेच्या अंतरावर असतो; परगावी गेलेला नसतो.

पुढे ढकलण्यात आलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. तिचे आकडे पाहताना हा भेद ध्यानी घ्यावा लागेल.