‘तुम्ही आत्ता कोठे आहात?’ : व्हिडिओ कॉलवरील उपचार आणि परवान्याची सीमा

- प्रतिनिधी

समजा, अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणारी एक मराठी संगणक अभियंता नोकरीसाठी रोज हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनला जाते. तिचे डॉक्टर एडिसनमधलेच आणि त्यांचा परवाना न्यू जर्सी राज्याचा. दुपारच्या सुटीत कार्यालयातील एका रिकाम्या खोलीत बसून ती डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावते. डॉक्टर तेच, रुग्ण तीच, आजारही जुनाच. तरीही त्या क्षणी ती न्यूयॉर्क राज्यात आहे. डॉक्टरांकडे न्यूयॉर्कचा परवाना किंवा तेथील कायद्याने दिलेली एखादी सवलत नसेल, तर त्यांनी दिलेला सल्ला ‘विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय’ ठरू शकतो.

म्हणूनच अमेरिकेत व्हिडिओ कॉल जुळताच डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ वा समुपदेशक तब्येतीची चौकशी करण्यापूर्वी विचारतात, ‘तुम्ही आत्ता कोठे आहात?’ अनेक रुग्णांना हा प्रश्न निव्वळ कागदोपत्री उपचार वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर डॉक्टरांचा परवाना आणि प्रसंगी रुग्णाचा जीवही अवलंबून असतो.

नियमाचे मूळ

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो प्रत्येक राज्याचे वैद्यकीय मंडळ देते. राज्यांचा हा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या खटल्यात मान्य केला. डॉक्टर आणि रुग्ण एकाच खोलीत बसत होते, तोवर ‘उपचार कोठे झाले’ हा प्रश्न उद्भवत नव्हता. दूरवैद्यकाने, अर्थात टेलिमेडिसिनने, तो निर्माण केला. डॉक्टर एका राज्यात आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात असेल, तर उपचार नेमके कोठे झाले?

राज्यांनी सर्वसाधारणपणे स्वीकारलेले उत्तर असे, की सल्ल्याच्या वेळी रुग्ण जेथे असेल, तेथे उपचार झाले. राज्यांच्या वैद्यकीय मंडळांच्या महासंघाने २०२२ मध्ये सुधारलेल्या दूरवैद्यकविषयक धोरणातही हेच तत्त्व आहे. यामागील कारण सरळ आहे. चुकीच्या उपचाराने अपाय झाला, तर रुग्णाला आपण ज्या राज्यात आहोत तेथील मंडळाकडे दाद मागता यावी आणि त्या मंडळाचा डॉक्टरवर अधिकार चालावा. येथे रुग्णाचा कायमचा पत्ता, मतदार नोंदणी किंवा विम्याच्या कार्डावरील राज्य यांना महत्त्व नाही. महत्त्व आहे ते त्या क्षणी रुग्ण प्रत्यक्ष कोठे आहे, याला.

कॅलिफोर्नियातील खटला

परवान्याची ही सीमा ओलांडल्यास काय होऊ शकते, याचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियात घडले. कोलोरॅडोतील एका मानसोपचारतज्ज्ञाने २००५ मध्ये इंटरनेटवरील प्रश्नावलीच्या आधारे कॅलिफोर्नियातील एका विद्यार्थ्याला नैराश्यावरील औषध लिहून दिले. पुढे त्या विद्यार्थ्याने आत्महत्या केली. डॉक्टरने कॅलिफोर्नियात पाऊलही ठेवले नव्हते. तथापि, त्याच्यावर कॅलिफोर्नियात विनापरवाना व्यवसायाचा फौजदारी खटला चालू शकतो, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने २००७ मध्ये दिला. २००९ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेथे व्हिडिओ कॉल झाला नव्हता. परंतु रुग्ण ज्या राज्यात आहे, त्या राज्याचा कायदा डॉक्टरपर्यंत पोहोचतो, हे या खटल्याने स्पष्ट झाले.

करोनाकाळातील सवलत आणि नंतर

२०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा राज्यांनी परवान्याच्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. हजारो रुग्णांना परराज्यातील डॉक्टरांची सवय झाली. त्यानंतर, विशेषतः २०२१ आणि २०२२ मध्ये, यांतील बहुतेक सवलती एकेक करून संपल्या. केंद्राने जाहीर केलेली सार्वजनिक आरोग्य आणीबाणीही ११ मे २०२३ रोजी संपुष्टात आली. व्हिडिओ कॉल मात्र राहिले. साहजिकच ठिकाणाची खातरजमा हा दवाखान्यांच्या दैनंदिन कामाचा भाग बनला.

एकाहून अधिक राज्यांत काम करण्याचे काही वैध मार्ग आहेत. डॉक्टरांसाठी आंतरराज्य वैद्यकीय परवाना करार असून, २०१७ पासून त्याद्वारे परवाने दिले जात आहेत. या करारात ४० हून अधिक राज्ये सामील आहेत. मात्र तो देशभर चालणारा एकच परवाना नव्हे. प्रत्येक राज्याचा स्वतंत्र परवाना लवकर मिळवून देणारी ती व्यवस्था आहे. मानसशास्त्रज्ञांसाठी ‘सायपॅक्ट’ हा करार २०२० पासून कार्यान्वित आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ कोणत्या राज्यातून कॉल करतो, हेही पाहिले जाते. त्याने आपल्या परवान्याच्या मूळ राज्यात असणे अपेक्षित असते. फ्लोरिडाने २०१९ पासून परराज्यातील डॉक्टरांसाठी केवळ दूरवैद्यकापुरती नोंदणी सुरू केली. मात्र अशा डॉक्टरांना तेथे दवाखाना उघडता येत नाही. माजी सैनिकांच्या केंद्रीय आरोग्यसेवेतील डॉक्टरांना २०१८ च्या नियमाने राज्यांच्या सीमेची अट उरलेली नाही.

हे सर्व मार्ग उपयोगी पडण्यासाठी मुळात रुग्ण कोणत्या राज्यात आहे, हे ठाऊक असावे लागते.

खातरजमा कशी होते?

चांगल्या दवाखान्यांत ही तपासणी दोनदा होते. वेळ ठरवितानाच ‘त्या दिवशी आपण कोणत्या राज्यात असाल?’ असे विचारले जाते. डॉक्टरला त्या राज्याचा परवाना नसेल, तर तेव्हाच दुसरा डॉक्टर वा दुसरी तारीख देता येते. पुढे कॉल सुरू झाल्यावर हाच प्रश्न तोंडी विचारून उत्तराची वेळेसह नोंद केली जाते.

कॅलिफोर्नियात समुपदेशक आणि चिकित्सक समाजकार्यकर्त्यांसाठी हा केवळ रिवाज नाही. तेथील वर्तनशास्त्र मंडळाच्या नियमानुसार २०१६ पासून प्रत्येक सत्राच्या आरंभी रुग्णाचे पूर्ण नाव व त्या वेळच्या ठिकाणाचा पत्ता तोंडी विचारून नोंदविणे बंधनकारक आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द येथे महत्त्वाचा. मागील आठवड्याचे उत्तर या आठवड्याला चालत नाही.

हे काम यंत्रावर सोपवावे, असे कोणालाही वाटेल. संगणकाच्या आयपी क्रमांकावरून ठिकाणाचा अंदाज येतो. परंतु तो अंदाजच असतो. आरंभीच्या उदाहरणातील अभियंता कंपनीच्या व्हीपीएनमधून कॉल करीत असेल आणि कंपनीचे सर्व्हर कॅलिफोर्नियात असतील, तर मॅनहॅटनमध्ये बसलेली ती कॅलिफोर्नियात दिसेल. मोबाईलच्या इंटरनेट जोडणीतही आयपी क्रमांक दुसऱ्याच शहराचा दिसू शकतो. जीपीएस अधिक अचूक असते; पण त्यासाठी रुग्णाची परवानगी लागते आणि इमारतीच्या आत त्याची अचूकता घटते. शिवाय ठिकाण बदलून दाखविणारी साधनेही आहेत.

यंत्राने दाखविलेले ठिकाण आणि रुग्णाचे उत्तर यांत फरक आढळला, तर लगेच संशय न घेता शांतपणे पुन्हा विचारावे, हीच योग्य रीत. फरकाचे कारण बहुधा निरुपद्रवी असते. रुग्ण चालत्या मोटारीत असेल, तर मात्र सल्ला थांबविणे इष्ट. ठिकाण तर बदलत असतेच, शिवाय रुग्ण स्वतः गाडी चालवीत असेल तर तो धोका वेगळाच.

ठिकाणाची नोंद बिलासाठीही लागते. रुग्ण स्वतःच्या घरी असेल तर ‘१०’ आणि अन्यत्र असेल तर ‘०२’ असे सेवास्थळाचे संकेतांक तेथे वापरले जातात. यांतील ‘१०’ हा संकेतांक २०२२ मध्ये आला.

रुग्णवाहिका कोठे पाठवायची?

परवान्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा प्रश्न अनिवार्यच राहतो. कॉल चालू असताना रुग्ण बेशुद्ध पडला किंवा त्याने आत्महत्येचा विचार बोलून दाखविला, तर डॉक्टरने काय करावे? बोस्टनमधील डॉक्टरने ९११ फिरविले, तर तो फोन बोस्टन परिसरातील आणीबाणी केंद्राकडे जातो. रुग्ण टेक्सासमध्ये असेल, तर मोलाची मिनिटे फोन इकडून तिकडे वळविण्यात जातात. यासाठीच रुग्णाच्या ठिकाणचा संपूर्ण पत्ता, मजला वा खोली क्रमांक, तेथील आणीबाणी केंद्राचा थेट दूरध्वनी आणि जवळच्या एका नातेवाइकाचा क्रमांक हाताशी ठेवण्याची शिस्त अनेक समुपदेशक पाळतात. परवान्यासाठी राज्याचे नाव पुरते; जिवासाठी दाराचा क्रमांक लागतो.

खोट्या उत्तराचा मोह

या नियमाची झळ बसते ती प्रवासात असलेल्या रुग्णांना. दोन वर्षे एकाच समुपदेशकाकडे उपचार घेणारी मुलगी दुसऱ्या राज्यातील महाविद्यालयात गेली, की तिचे उपचार नेमक्या कठीण काळात तुटू शकतात. अशा वेळी ‘मी घरीच आहे’ असे सांगण्याचा मोह होतो. मात्र त्यामुळे डॉक्टरचा परवाना आणि व्यवसाय विमा धोक्यात येतो. आणि बाका प्रसंग उद्भवलाच, तर रुग्णवाहिका रिकाम्या घरापाशी जाऊन उभी राहते.

खरे उत्तर दिल्यास मार्ग निघू शकतो. पूर्वीपासून उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी काही राज्ये मर्यादित सवलत देतात. वैद्यकीय मंडळांच्या महासंघाच्या २०२२ च्या धोरणानेही अशा सातत्याला अनुकूलता दर्शविली आहे. सवलत नसेल, तर तेथील परवानाधारक डॉक्टरकडे रुग्णाला सोपविता येते. काहींना पत्ता सांगण्याचीच भीती वाटते. घरातील छळातून सुटून गुप्त ठिकाणी राहणारी स्त्री हे त्याचे उदाहरण. माहिती कशासाठी हवी व ती कोण पाहील, हे डॉक्टरने आधी सांगितले, तर ही भीती कमी होते.

भारतात आणि मराठी कुटुंबांत

भारतात चित्र वेगळे आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णाला सल्ला देऊ शकतो. पुण्यातील डॉक्टरने बंगळूरमधील रुग्णाला सल्ला देण्यात परवान्याची अडचण नाही. परंतु पुण्यातून १०८ फिरविले, तर फोन महाराष्ट्राच्या रुग्णवाहिका सेवेकडे जातो. त्यामुळे ठिकाण विचारण्याची गरज येथेही आहेच.

भारताबाहेरील रुग्णांना दिलेला सल्ला या तत्त्वांच्या कक्षेत येत नाही. मुलाकडे सहा महिने अमेरिकेला गेलेले आई-वडील रक्तदाबाच्या गोळीविषयी येथील डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करतात, तेव्हा ते त्या राज्याच्या कायद्याखाली असतात. उलट, सुटीत साताऱ्याला आलेल्या मुलाला अमेरिकेतील समुपदेशकाने ‘आता बोलता येणार नाही’ असे सांगितले, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. ‘सायपॅक्ट’सारखे करार अमेरिकेच्या सीमेपर्यंतच चालतात.

रुग्णांनी लक्षात ठेवावे

- प्रवास ठरताच डॉक्टरांना राज्य वा देश आणि तारखा कळवाव्यात.
- नेहमीची औषधे मुक्कामाला पुरतील एवढी निघण्यापूर्वीच लिहून घ्यावीत.
- कॉलच्या आरंभी कायमचा नव्हे, तर त्या वेळच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता सांगावा.
- शक्य असल्यास कॉलपुरते व्हीपीएन बंद ठेवावे.
- जेथे आहोत तेथील आणीबाणी सेवेचा क्रमांक जवळ असू द्यावा.

एडिसनच्या त्या अभियंतेसाठी उपाय तसा सोपा आहे. डॉक्टरांना न्यूयॉर्कचा परवाना आहे का, हे तिने आधीच विचारावे. नसेल, तर संध्याकाळी घरी पोहोचल्यावरची वेळ घ्यावी. मात्र त्यासाठी दुपारी ‘तुम्ही आत्ता कोठे आहात?’ या प्रश्नाला तिने ‘मॅनहॅटनमध्ये’ असे खरे उत्तर द्यायला हवे.