व्हर्सायची कारंजी आणि महाडचे तळे

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी त्या परिषदेची तुलना एका परदेशी सभेशी केली. ती सभा म्हणजे १७८९ सालची फ्रेंच राष्ट्रीय सभा, आणि ती भरली होती व्हर्साय या गावी. आपल्यातील किती जणांनी हे भाषण मुळातून वाचले आहे? मनुस्मृती जाळली हे सर्वांना ठाऊक असते. ती जाळण्यापूर्वी काय बोलले गेले, हे विचारले की अभ्यासवर्गात शांतता पसरते.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका वर्गात एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला अडवले. म्हणाला, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनीच ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. मग तुम्ही फ्रान्सचे कौतुक का सांगता? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्हाला पुस्तकातून अर्धे मिळाले होते. उरलेले अर्धे व्हर्सायच्या बागेत फिरताना सापडले, म्हणून हा लेख.

पॅरिसहून लोकल गाडीने व्हर्सायला उतरले की सगळी गर्दी एकाच दिशेने चालू लागते. राजवाडा, मग आरसेमहाल, मग मागची बाग. बाग खरोखर डोळे दिपवणारी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आठशे हेक्टरचा परिसर, आखून कापलेली झाडे, एका रेषेत उतरत जाणारे चौथरे आणि शेवटी क्षितिजापर्यंत गेलेला दीड किलोमीटरहून लांब कालवा. आंद्रे ल नोत्र या माळ्याने १६६१ पासून ती घडवायला घेतली. हा माणूस माळ्याचा मुलगा आणि माळ्याचा नातू. त्याची कला खरी, पण ती कुणाच्या हुकमाने उभी राहिली हेही पाहावे लागते. राजाचा अर्थमंत्री फुके याने व्हो-ल-व्हिकोंत येथे आपल्यापेक्षा देखणी बाग केली, हे चौदाव्या लुईला सहन झाले नाही. १७ ऑगस्ट १६६१ ला फुकेने राजाला मेजवानी दिली आणि तीन आठवड्यांच्या आत तो कैदेत पडला. आरोप अफरातफरीचा होता. पण पुढे त्याचा माळी, त्याचा वास्तुकार, त्याचा चित्रकार आणि त्याची संत्र्याची झाडेसुद्धा राजाकडे गेली.

या बागेचे मार्गदर्शक पुस्तक कुणी लिहिले असेल? खुद्द राजाने. बाग कोणत्या क्रमाने पाहावी, कुठे वळावे, कुठे थांबून काय न्याहाळावे, याच्या सूचना चौदाव्या लुईने स्वतः तयार केल्या आणि पुन्हा पुन्हा सुधारल्या. आजचा पर्यटकही थोड्याफार फरकाने त्याच वाटा तुडवतो. राजा मेला त्याला तीनशे वर्षे उलटली, तरी लोक त्याने नेमून दिलेल्या जागी थांबतात आणि त्याने नेमून दिलेले पाहतात. आपल्याकडे गड-किल्ले आणि राजवाडे पाहायला जाणारे तरी याहून वेगळे काय करतात?

या वाटेवर राजवाड्यासमोर पहिल्यांदा लागते ते लातोनाचे कारंजे. त्याची कथा रोमन कवी ओव्हिडची. लातोना ही अपोलो आणि डायना या जुळ्यांची आई. तहानेने व्याकूळ होऊन, लेकरांना कडेवर घेऊन ती एका तळ्यापाशी येते. तिथले गावकरी तिला पाणी पिऊ देत नाहीत. ऊन आणि वारा जसा सर्वांचा तसेच पाणीही सर्वांचे, असे ती त्यांना समजावते. ते ऐकत नाहीत, उलट तळ्यात उड्या मारून पाणी गढूळ करतात. मग ती शाप देते आणि त्यांचे बेडूक होतात. कारंज्यात ते अर्धे माणूस, अर्धे बेडूक असे चहूकडे बसवले आहेत आणि त्यांच्या तोंडांतून पाणी उडते.

आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो. तळ्यावर आलेल्या तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे हा अपराध आहे, हे युरोपातल्या सर्वांत उन्मत्त राजाच्या अंगणात दगडात कोरले आहे! पण ही कथा तिथे कोण सांगतो आहे, हे पाहा. राजा स्वतःला सूर्य म्हणवून घेई, सूर्यदेव अपोलोशी आपली तुलना करवून घेई. म्हणजे कथेतला देवीचा मुलगा तो स्वतः, आणि बेडूक कोण तर खेड्यातले कुणबी. पाणी अडवल्याचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारून राजा मोकळा होतो. प्रत्यक्षात पाणी कुणी कुणाचे ओढून नेले?

व्हर्सायला नदी नाही. ही बागेची मूळ अडचण. म्हणून आसपासच्या पठारावरचे पाणी चर खणून, तलाव बांधून कारंज्यांकडे वळवले गेले. तेही पुरेना. १६८१ ते १६८४ या काळात सेन नदीवर मार्लीचे यंत्र उभारले गेले. चौदा प्रचंड चाके आणि दोनशेहून अधिक पंप पाणी दीडशे मीटरहून अधिक उंच चढवत. हे यंत्र बांधणारा रेनकँ स्युआलेम हा लिएजकडचा सुतार होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. श्रेयासाठी पुढे उभा राहिला तो मात्र एक खानदानी गृहस्थ. ज्ञान कारागिराचे आणि मान कुलवंताचा, ही रीत तिकडेही होतीच.

मार्लीचे पाणीही कमी पडले, तेव्हा १६८५ मध्ये दूरच्या यूर नदीचे पाणी आणायचे ठरले. सुमारे तीस हजार सैनिक खोदकामाला जुंपले गेले. दलदलीतल्या तापाने माणसे पटापट मेली. १६८८ ला युद्ध सुरू झाले आणि काम थांबले ते कायमचे. मँतनों येथे त्या जलवाहिनीच्या अर्धवट कमानी आजही उभ्या आहेत आणि पर्यटक त्यांचीही छायाचित्रे काढतात. व्हर्सायच्या बांधकामावर मरणाऱ्या मजुरांची प्रेते रात्री गाड्यांतून नेली जातात, असे मादाम द सेव्हिन्ये या सरदार घराण्यातील बाईने १६७८ च्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. दिवसा नेली तर लोकांना दिसली असती.

एवढे करूनही सगळी कारंजी एकाच वेळी दिवसभर चालवता येत नसत. मग युक्ती काढली. राजा फिरायला निघाला की पाणके शिटी वाजवून पुढच्या माणसाला इशारा देत. राजा जवळ आला की कारंजे सुरू, राजा पुढे गेला की बंद. त्याला मात्र सगळीकडे पाणीच पाणी दिसे. आणि याच राजाच्या काळात, १६९३-९४ च्या दुष्काळात, फ्रान्समध्ये दहा लाखांहून अधिक माणसे मेली.

आणखी दोन गोष्टी. आज जिथे त्रियानोंचा महाल आहे तिथे त्याच नावाचे एक खेडे होते. राजाने ते विकत घेऊन पाडले, देऊळ पाडावे तसे गावचे चर्चही पाडले. आणि १६८५ च्या मार्चमध्ये, ओरांजरीचे काम चालू असताना, याच व्हर्सायमधून वसाहतींतल्या काळ्या गुलामांसाठीचा कायदा निघाला. पळून जाणाऱ्या गुलामाचे कान कापावेत, डाग द्यावा, तिसऱ्यांदा पळाल्यास ठार करावे, असे त्यात लिहिले होते. आपण मनुस्मृतीतल्या शिक्षा वाचलेल्या आहेत. आपल्याला हे वाचून नवल वाटणार नाही, ओळख पटेल.

आता राजवाड्याकडे पाठ फिरवून उलट्या दिशेला, गावाच्या बाजूला चला. बाग मागे राहते. ५ मे १७८९ ला जिथे तिन्ही वर्गांची सभा भरली ते सभागृह याच बाजूला होते. आज ते उरलेले नाही. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा पोशाख घालण्याचा हुकूम होता. सरदारांनी मात्र जर आणि पिसे मिरवली. २० जूनला सभागृहाचे दार बंद आढळले, तेव्हा हे लोक जवळच्या चेंडूघरात शिरले आणि राज्यघटना दिल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेतली. ते घर अजून शाबूत आहे. आम्ही गेलो तेव्हा बागेत हजारो माणसे होती आणि इथे आमच्याखेरीज मोजून चार. २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा याच गावात संमत झाला. ऑक्टोबरात पॅरिसच्या बाया भाकरीसाठी पावसात चालत आल्या आणि राजाला घेऊनच परतल्या. राजघराणे पुन्हा तिथे राहायला आले नाही.

बाबासाहेबांनी महाडला उचलला तो हा जाहीरनामा. परिषदेनेही जन्मसिद्ध हक्कांचा ठराव केला. फ्रान्समधील राजाने आणि सरदारांनी त्या सभेला विरोध केला नसता तर रक्तपात टळला असता, असे सांगून त्यांनी इथल्या स्पृश्य समाजाला सावध केले. तळ्यावर आपण केवळ पाण्यासाठी जात नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला जातो, ही त्यांची भूमिका होती. २० मार्चला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी शेण आणि गोमूत्र घालून तळे 'शुद्ध' केले. लातोनाच्या तळ्यातही पाणी घाण करणारे होते. फरक एवढाच की इथे शाप देणारी देवी नव्हती. आपण न्यायालयात दहा वर्षे लढलो आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकलो.

मग १९५४ चे भाषण? त्या तरुणाला आमचे उत्तर असे. त्याच व्हर्सायच्या सभेने पुढे नागरिकांचे 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' असे दोन भाग केले. घरगडी आणि कर न भरू शकणारा गरीब मतदानाबाहेर राहिला. स्त्रिया सगळ्याच बाहेर. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा १७९१ मध्ये लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांना १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवले. काळ्या गुलामांनी १७९१ मध्ये हैतीत स्वतः बंड केले तेव्हा कुठे १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, आणि १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा आणली. समता निर्माण करण्यात फ्रेंच राज्यक्रांती अपयशी ठरली, असे बाबासाहेबांनी पुढे स्पष्ट लिहिले. १९२७ ला त्यांना हक्कांची लढाई कशी उभारावी हे दाखवणारे उदाहरण हवे होते, ते त्यांनी फ्रान्सकडून घेतले आणि तसे उघड सांगितले. माणसाने माणसाशी बंधुभावाने का वागावे, याचा आधार त्यांना राजकारणात सापडला नाही, तो धम्मात सापडला. या दोन विधानांत आम्हाला विरोध दिसत नाही, सत्तावीस वर्षांचा अनुभव दिसतो.

पुढच्या अभ्यासवर्गात महाडचे भाषण आणि १९५४ चे भाषण शेजारी ठेवून वाचणार आहोत. दोन्हींच्या पंचवीस प्रती काढून ठेवल्या आहेत. येताना पेन्सिल आणा.