असईचा पट

असईच्या लढाईबद्दल शाळेत आपण दोनच ओळी शिकलो. इंग्रज जिंकले, मराठे हरले. संपलं. पण जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी जे घडलं, ते दोन ओळींत मावणारं नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही पाच मित्रांनी ती लढाई क्लब-हाऊसच्या टेबल-टेनिसच्या टेबलावर मांडली.

हा पोरखेळ नव्हे. प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली अशा युद्धखेळाचे नियम छापले. नकाशा, पलटणींचे ठोकळे, फासे आणि निवाडा देणारा पंच. फासे अशासाठी, की रणात नशिबाचाही वाटा असतो.

आमच्या टेबलावर निळ्या कापडाच्या पट्ट्या म्हणजे नद्या, कॅरमच्या सोंगट्या म्हणजे पलटणी. एक जण आर्थर वेलस्ली, एक दौलतराव शिंदे, एक नागपूरकर रघूजी भोसले आणि चौथा पोलमन. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा हा हॅनोव्हरचा सेनापती. पंच मी. शिंदे-भोसल्यांनी आपसात बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या, असा नियम केला.

वेलस्लीची अडचण मोठी होती. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी दुसऱ्या वाटेने गेलेली. हाताशी प्रत्यक्ष लढणारे साधारण साडेचार हजार. वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. पण केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं, की गावं अशी वसली आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच. आणि तो होता!

पहिला डाव इतिहासाप्रमाणे खेळलो. उतारावर पहारा नाही. वेलस्ली पलीकडे गेला. पोलमनने मात्र सगळी फळी काटकोनात वळवली. कवायती पलटणींनाच जमावं असं ते काम. इंग्रज जिंकले, पण टेबलावरच्या त्यांच्या सोंगट्या भराभर उचलाव्या लागल्या. प्रत्यक्षातही त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले.

जेवणानंतर दुसरा डाव. या वेळी पोलमनने एक पलटण आणि चार तोफा उतारावर ठेवल्या. वेलस्ली पाण्यातच अडकला! टाळ्या पडल्या. ‘बघा, एवढंच करायचं होतं!’ आमचे शिंदे म्हणाले.

पण भोसले झालेले मित्र शांतपणे म्हणाले, ‘आपल्याला सगळं टेबल वरून दिसतंय हो. त्यांना कुठे दिसत होतं?’ मग आम्ही चिठ्ठ्या उलगडल्या. सकाळपासून शिंदे-भोसल्यांत सातच चिठ्ठ्या गेल्या होत्या, त्यातल्या चार ‘तुम्ही पुढे व्हा’ अशा! सगळे हसलो आणि मग गप्प झालो. कारण असईतही मराठी घोडदळाचा मोठा भाग लढाईत फारसा उतरलाच नाही. आणि वसईच्या तहामुळे पेशव्यांचे स्वार त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला होते, हेही आपण सहसा सांगत नाही.

म्हणजे हरलो ते शौर्य कमी पडलं म्हणून नाही. मराठी गोलंदाज तोफांशेजारी मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर पुन्हा तोफा डागू लागले. आपलीच तोफ सोडायची नाही, ही ती जिद्द. शेवटी ९८ तोफा शत्रूच्या हाती गेल्या. डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथे वेगवेगळे तह झाले. लढताना सोबत होते, तह मात्र ज्याचा त्याने केला. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्लीने, आपली सर्वांत सरस लढाई कोणती, या प्रश्नाला ‘असई’ असं एका शब्दात उत्तर दिलं.

त्या गोलंदाजांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. नातवंडांना दोन ओळी शिकवताना तिसरी ओळ त्यांची जोडावी, एवढंच वाटतं.